उमाठेबाईंचं मनगट

उमाठेबाई आम्हा पोरींना ऐकायला लावत आणि स्वतःचं मनगट पुढे करत. कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर लाकडी नळीचं एक तोंड टेकवायचं, दुसऱ्या तोंडाला आपला कान लावायचा आणि एक बोट बाईंच्या डाव्या मनगटावर ठेवायचं. पोटातल्या बाळाचे ठोके नळीतून जसे ऐकू येतील तसेच्या तसे त्या बोटानं बाईंच्या मनगटावर वाजवायचे. तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. बाई डोळे मिटून उभ्या राहत, आणि त्यांच्या उजव्या हातात त्या कळा देणाऱ्या बाईची नाडी असे. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात ही पद्धत मी पाहिली नाही, आणि पहिल्या दिवशी मला तर हसूच आलं होतं.

नागपुरात नंदनवनच्या बाजूला एका ट्रस्टचा बाळंतपणाचा दवाखाना होता, तिथली ही गोष्ट. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मिडवाइफची परीक्षा पास झालेल्या मुलींना तिथं आणखी एक वर्ष शिकवत. पुढे आम्हाला एकेकटीला खेड्यावर पाठवणार, तिथं हाक मारली तर यायला डॉक्टर नाही, म्हणून हे जास्तीचं शिक्षण. कागदोपत्री त्याचं नाव फेलोशिप. वॉर्डातल्या आया त्याला ‘वरचं वर्ष’ म्हणत, आणि भिवापूरला माझे वडील म्हणत, ‘पास झाल्यावर पुन्हा शाळा कशाले?’ खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. सर्टिफिकेट हातात होतं, पांढरी साडी कडक इस्त्रीची होती आणि डोक्यात थोडी हवाही होती.

उमाठेबाई त्या वर्षाच्या ट्यूटर. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची सवय. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “बाळंतपणं केली का वं तू?”

“हो बाई. परीक्षेले लागतात तेवढी सगळी मीच केली,” मी ऐटीत म्हटलं.

“तू केली?” बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मंग त्या बायकाईनं काय केलं? बसून पाहत होत्या का?”

सगळा वर्ग खदखदून हसला. माझ्या शेजारी बसलेली भंडाऱ्याची कुसुम तर इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “बाळंतपण ते बाई करते, पोरी. आपुन तिथं जाग्यावर असतो. जाग्यावर असनं बी सोपं नाई, हे वर्ष त्यासाठीच हाय.”

त्यांच्या खोलीत आरडाओरडा चालत नसे. बाकी दवाखान्यांत कळा देणाऱ्या बाईभोवती सगळ्या मिळून ‘जोर लाव, जोर लाव’ असा गिल्ला करतात. बाईंच्या समोर कोणी तो शब्द काढला की त्या म्हणत, “तिले जवा लावायचा तवा ते लावते. तू काहून गाडी ढकलून राहिली?” उन्हाळ्यात तर वेगळाच ताप. नागपूरचा मे महिना, खिडकीत भला मोठा कूलर धडधडतोय, वाळ्याचा ओला गारवा अंगावर येतोय, आणि ऐकायची वेळ झाली की बाई हुकूम सोडत, “कूलर बंद!” मग सगळ्यांच्या पाठीवरून घामाच्या धारा. नातेवाईक कुरकुर करत. आम्हाला वाटे, किती ही शिस्त!

स्वभावानं मात्र त्या मोठ्या गमतीच्या होत्या. दुपारी ज्वारीची भाकर आणि ठेचा खात, आणि मी घरून भिवापुरी मिरची आणली की लहान मुलीसारख्या खूश होत. लग्न केलं नव्हतं. आम्ही आडून आडून विचारलं तर म्हणाल्या, “मले फुरसत कुठं होती वं? एकीचं झालं की दुसरी येऊन राहिली.” सक्करदऱ्याला भावाच्या घरी राहत, पण घरी किती असत देव जाणे. आम्ही सकाळी यायच्या आधी त्या आलेल्या असत.

मनगटाच्या पद्धतीला मी हसले होते, ते हसू फार टिकलं नाही. एका सकाळी मी नळीला कान लावून बाईंच्या मनगटावर मोठ्या तोऱ्यात बोट वाजवत होते. बाईंनी डोळे न उघडताच म्हटलं, “हे मायचं हाय.”

मला कळेना.

“तिची नाडी मी इकडे धरून हाय, अन तेच तू मले तिकडून परत देऊन राहिली. मायचं रक्त बी पोटात धावते, त्याचा आवाज येते नळीतून. लेकराचं शोध. खाली सरक, घाई नको करू.”

मी नळी सरकवली. पुन्हा सरकवली. आणि एकदम ते सापडलं. लहानसं, घाईघाईचं, आईच्या ठोक्यांना मागे टाकून पळणारं. माझं बोट आपोआप धावायला लागलं. बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “हं. हे आलं.” नव्या कानाची ही नेहमीची चूक. ऐकू तर काहीतरी येतं, मग तेच बाळाचं असं आपण धरून चालतो. बाईंचे दोन हात दोन जिवांवर असत म्हणून ही चूक तिथल्या तिथे पकडली जाई. शिकवायची काय युक्ती काढली आहे, असं मला वाटलं. मी त्यांच्या प्रेमातच पडले म्हणा ना.

एकदा त्या मला इतवारीत घेऊन गेल्या. वॉर्डासाठी पाणी तापवायला पितळी गंज आणि जाड दोरा घ्यायचा होता. भांड्यांच्या गल्लीत ही गर्दी, ठोकाठोकीनं कान किटले होते. मागून पोत्यांनी लादलेली हातगाडी उतारानं सुसाट आली. गाडीवाला जीव तोडून ओरडत होता, “सरको बाई, सरको!” मी झटकन बाजूला झाले. बाई रमतगमत मधोमध चालल्याच होत्या. मी त्यांचा दंड धरून खेचलं तेव्हा गाडीचं चाक त्यांच्या पदराला घासून गेलं. गाडीवाला शिव्या देत पुढे गेला. हातगाडीचं एक वेळ सोडा. एवढा बोंबलणारा माणूस या बाईला ऐकू आला नाही?

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. गंज घेतला, दोरा घेतला, आणि परतताना रिक्षात बसल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “मले ऐकू येत नाई, पोरी. आधी आवाज बारीक झाला, आता नळीतलं तं काहीच येत नाई. तोंडं पाहून समजते मले. म्हणून हे मनगट.”

 ज्याला मी शिकवायची युक्ती समजत होते ती त्यांची काठी होती. मग कूलर कशाला बंद करतात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्यासाठी. माह्यासाठी चालू काय अन बंद काय, सारखंच हाय.”

“बाई, मॅट्रनले माहीत हाय?”

“नाई. मी सांगीन. मलेच सांगू दे.” त्यांनी मांडीवरचा गंज सरळ केला. “ट्रस्टवाले आधीच म्हणून राहिले, पास झालेल्या पोरीईले पुन्हा काय शिकवता. मी गेली तं हे वर्षच बंद करतीन. तुमी अर्ध्यातून घरी जासान. तुमची बॅच निघू दे, मंग मी आपणहून जातो.”

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना खुर्ची टिकवायची नव्हती, आमचं वर्ष टिकवायचं होतं. आणि ते वर्ष त्यांच्या दोन बहिऱ्या कानांवर उभं होतं. मला त्यांचं पटलं आणि भीतीही वाटली. त्या दिवसापासून मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं की माझा हात जड होई.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार आली. इतवारीतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याची सून, सरला तिचं नाव, पहिलटकरीण. सकाळपासून कळा देत होती. बिचारी घाबरलेली, उन्हानं आणि कळांनी पार थकलेली. शेजारी सासू पदरानं वारा घालत बसलेली. मॅट्रन जेवायला गेलेल्या, डॉक्टरीणबाई अंगणापलीकडच्या ओपीडीत. खोलीत बाई, कुसुम आणि मी.

“कूलर बंद,” बाई म्हणाल्या. आधी मी ऐकलं. ठोके संथ होते. फार संथ. मी नळी सरकवून पाहिली, पुन्हा तिथंच आले. माझं बोट बाईंच्या मनगटावर थांबत थांबत पडत होतं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला बाजूला करून कुसुमला बोलावलं. कुसुमचं बोट भरभर वाजायला लागलं. तिनं मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की काय ऐकलं बाई तू!

बाईंनी पुन्हा दोघींना ऐकायला लावलं. पुन्हा तेच. माझं संथ, तिचं भरभर. एकाच पोटावर दोघी दोन गोष्टी सांगत होतो. कुसुमला आता राग आला. ती म्हणाली, “माझं बरोबर हाय, बाई. तुमीच एकदा ऐका नं, म्हणजे झालं!”

“हो ना बाई,” सासू म्हणाली, “तुम्ही मोठ्या. या पोरीबाळींचं काय खरं? तुम्हीच पाहा.”

बाईंनी नळी हातात घेतली. सरलाच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. मी जमिनीकडे पाहायला लागले. मला माहीत होतं की त्या नळीतून त्यांना काहीच येणार नाही. आणि बाई काही म्हणाल्या असत्या तरी खोलीत कोणी शंका घेतली नसती. ‘ठीक हाय, चालू द्या’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुसुम खूश झाली असती, सासू निवांत झाली असती, आमचं वर्ष सुरळीत पार पडलं असतं.  खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं की बाईंनी तसंच म्हणावं.

बाईंनी मान वर केली. नळी बाजूला ठेवली.

“मले ऐकू येत नाई,” त्या म्हणाल्या.

“बाळाचे ठोके?” कुसुमनं दचकून विचारलं.

“काहीच नाई. पहिल्यापासून नाई येत, तुमी आल्या तवापासून.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, भाकर वाढायला सांगावी तसा. “पाह्य कुसुम, तुझं बोट हिच्या नाडीसंगं चालून राहिलं. हिची नाडी आज धावून राहिली, भेवानं. म्हणून मले वाटते तू मायचं ऐकलं. हिनं ऐकलं ते लेकराचं असंन, अन लेकरू थकलं असंन. पण नुसत्या वाटण्यावर लेकरू सोडता येत नाई. धाव. डॉक्टरीणबाईले आण. त्याईले सांग, उमाठेले ऐकू येत नाई, तुमचे कान पाह्यजेत.”

कुसुम पळाली. सासू मात्र उठून उभी राहिली. “अगं बाई! बहिरी बाई बाळंतपणं करते इथं? आमच्या सुनेच्या जिवाशी खेळ मांडलाय का?” तिचं तोंड सुरूच होतं, आणि खरं म्हणजे तिचं काही चुकतही नव्हतं. बाईंनी तिला उत्तर दिलं नाही. त्या सरलाच्या कानाशी वाकल्या. “कुशीवर वळ वं माय. अशी. लांब श्वास घे. आता येतेत डॉक्टरीणबाई, भेव नको.” मी सरलाच्या पाठीला हात लावून तिला वळवलं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या पळतच. काही विचारलं नाही, आधी कान लावला. ऐकून उठल्या आणि म्हणाल्या, “बाळाचे ठोके मंदावतायत. बाळ ओढायचा चिमटा काढा.” पुढचं सगळं भराभरा झालं. बाळाच्या गळ्याभोवती नाळ आवळलेली होती. बाहेर आलं तेव्हा निळसर आणि लुळं. डॉक्टरीणबाईंनी नाळ सोडवली, घसा साफ केला, पाठ चोळली. आम्ही श्वास रोखून उभ्या. बाई भिंतीशी सरकल्या होत्या, हात मागे बांधून.

मग बाळ रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत. आमचा जीव भांड्यात पडला, आणि सासूनं दोन्ही हात जोडले. बाई मात्र एकेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या. डॉक्टरीणबाईंच्या पाठीआड बाळ त्यांना दिसत नव्हतं. ते रडलं हे बाईंना कळलंच नव्हतं. माझ्या ते ध्यानात आलं आणि मी जोरानं मान हलवली. तेव्हा त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. त्या खोलीत ते रडणं न ऐकलेली एकटी बाई म्हणजे उमाठेबाई. मला इतकं भरून आलं की मी ट्रे उचलून बाहेरच गेले.

पुढे व्हायचं ते झालं. सरलाच्या सासूनं मॅट्रनकडे तक्रारही केली आणि बारशानंतर बाईंसाठी पेढ्यांचा डबाही पाठवला. ट्रस्टच्या लोकांची बैठक बसली. वरचं वर्ष बंदच करा, असं काहींचं म्हणणं पडलं. डॉक्टरीणबाई हट्टाला पेटल्या. ही बॅच मी पुरी करीन, आणि शंकेच्या वेळी दोघींनी मिळून ऐकायचं ही उमाठेबाईंची पद्धत चालू राहील, असं त्यांनी सांगितलं. वर्ष वाचलं. बाईंना मात्र प्रसूतीच्या खोलीत जायला मनाई झाली. वाटलं तर कपड्यांचं स्टोअर सांभाळा, असं त्यांना सांगण्यात आलं. मी संतापले. चादरी मोजायला लावायच्या का अशा बाईला? बाईंनी मलाच गप्प केलं.

“बरोबर केलं त्याईनं. मी त्याईच्या जागी असती तं मी बी हेच केलं असतं. मले आधीच सांगाले पाह्यजे होतं.”

कुसुम तर रडून रडून अर्धी झाली होती. माझ्यामुळे बाईंची नोकरी गेली, हेच तिच्या डोक्यात. बाईंनी तिला जवळ बसवलं. “काहून रडतं वं? तू नसतं म्हटलं ‘तुमीच ऐका’, तं मी अंदाजावरच चालवलं असतं. रोज तेच करत होती. तू बोलली म्हणून लेकरू वाचलं. मोठ्या माणसाले असंच विचारत राह्यजो.” असं म्हणून त्यांनी सासूच्या पेढ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला. रडता रडता कुसुमनं पेढा खाल्ला.

स्टोअर त्यांनी घेतलं नाही. एका सकाळी पिशवी उचलली आणि सक्करदऱ्याला घरी गेल्या. हार नाही, भाषण नाही. आम्ही फाटकापर्यंत गेलो. “बोटं जपजा,” एवढंच म्हणाल्या.

वर्ष संपलं. मला खेड्यावर पाठवलं, आणि तिथं एकटीनं नळीला कान लावताना मी माझंच बोट त्या बाईच्या नाडीवर ठेवायची. आईचं इकडे, लेकराचं तिकडे. बरीच वर्षं तिकडे काढून मी पुन्हा नागपूरला आले, नव्या मुलींना शिकवायला. तेव्हा बाईंच्या घरी गेले. त्या फार थकल्या होत्या. ऐकणं तर गेलंच होतं, आता तोंडं पाहायला नजरही नीट साथ देत नव्हती. तरी मला ओळखलं. “मिरची आणली का वं?” हा पहिला प्रश्न.

भाच्याची बायको शोभा चहा घेऊन आली. पोटुशी होती, दिवस भरत आलेले. बाई माझ्याजवळ सरकून, त्यांना वाटलं हळू, पण चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, “सगळ्या नागपूरचे लेकरं पाहिले मी. हिचं माह्याच घरात हाय अन मले त्याचं काहीच समजत नाई.” शोभा लाजली. माझी पिशवी जवळ होती आणि पिशवीत नळी होती. मी शोभाला बाजेवर निजायला सांगितलं.

नळी बाहेर काढताच बाई उठल्या. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी उजव्या हातात शोभाचं मनगट धरलं आणि आपलं डावं मनगट माझ्यापुढे केलं. काडीसारखं झालं होतं ते, बांगडी कोपरापर्यंत मागे सरकवली होती. मी कान लावला, ठोके शोधले आणि वाजवायला लागले. बाईंनी डोळे मिटले. नुसतं वाजवत होते मी. हात भरून आला म्हणून जरा थांबले तर त्या म्हणाल्या, “थांबू नको.” मग कितीतरी वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं. “लेकराचं हाय. चांगलं धावून राहिलं लबाड.” माझ्या डोळ्यांतलं पाणी शोभाच्या साडीवर पडत होतं, आणि शोभा बिचारी, काय बाई झालं, म्हणून आमच्या दोघींकडे पाहत होती.

शोभाला मुलगी झाली. बाईंनी तिला मांडीवर घेतलं, छातीवर तळहात ठेवून ते लहानसं हृदय चाचपलं आणि मान हलवली. त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास न देता.

निवृत्त झाले तरी अजून कधीकधी मला शिकवायला बोलावतात. आता यंत्रं आली आहेत, पण मी आधी नळीच देते आणि माझं डावं मनगट पुढे करते. माझे कान अजून ठणठणीत आहेत. मागच्या खेपेला एका नव्या पोरीनं धीटपणे विचारलं, “मॅडम, तुम्हाला तर ऐकू येतं. मग तुमच्या हातावर कशाला ठोकायचं?”

“येते नं वं,” मी म्हटलं, “पण एकटीनं ऐकलेलं मले पुरत नाई. ठोक.”